शुक्रवारी खणायचं नाही

वाळूत स्वतःला पुरून घ्यायला माणसं आगाऊ नोंदणी करतात, हे मला यंदाच्या जानेवारीपर्यंत माहीत नव्हतं. आमच्या इस्लामपूरकडे फार लाज वाटली की माणूस म्हणतो, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. पण ते म्हणण्यापुरतं. म्हणून झालं की तो चहा पिऊन कामाला लागतो. धरणीने खरोखर पोटात घ्यावं म्हणून चटई, पाण्याची बाटली आणि सनस्क्रीन घेऊन तयार उभे असलेले लोक मी पाहिले ते दुबईच्या पलीकडे, लाल वाळूच्या टेकड्यांत. परत आल्यापासून जो तो विचारतो, बुर्ज खलिफा पाहिला का? पाहिला. उंच आहे. आता जे सांगण्यासारखं आहे ते सांगते.

अल बर्शा

पूर्वा माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. जन्म दुबईतला, शाळा दुबईतली; इस्लामपूर म्हणजे तिच्या लेखी सुट्टीत डास चावतात ते गाव. मी तिच्याशी मराठीत बोलते, ती मला इंग्रजीत उत्तर देते, आणि माझी दया आली तर शेवटी एखादं मराठी क्रियापद जोडते. आईवडील अबूधाबीला; ही दुबईतल्या अल बर्शात मॉलच्या मागे मैत्रिणीबरोबर फ्लॅट घेऊन राहते; मी तिच्याकडेच उतरले होते. एका इव्हेंट कंपनीत नव्याने लागली होती, प्रोबेशनवर होती, आणि पहिल्यांदाच एक अख्खा कार्यक्रम तिच्या एकटीच्या अंगावर आला होता. तो नीट झाला तर नोकरी पक्की.

"मावशी, इट्स अ डेझर्ट रिट्रीट. गुरुवार संध्याकाळ ते रविवार. थीम आहे मदर अर्थ. मला एक इंडियन एल्डर हवीये."

"एल्डर म्हणजे?"

"म्हणजे सीनियर. वाइज. तू फक्त भूमातेवर काहीतरी बोलायचं. नऊवारी असेल तर बेस्ट."

भूमातेवर बोलायला माझ्याइतकी नालायक बाई तिला शोधून सापडली नसती. मी जन्मभर हायस्कुलात मराठी शिकवलं. नववीला 'धरणीमातेचे मनोगत' हा निबंध ठरलेला, आणि धरणीमाता दरवर्षी तेच म्हणायची: मी सर्वांचं ओझं वाहते, माझ्यावर नांगर चालवता तरी मी धान्य देते, मी काही म्हणत नाही. हे लिहिणारे मुलगे पुढे नवरे झाले आणि लिहिणाऱ्या मुली बायका. माझ्या लग्नात आमच्या एका मामेसासऱ्यांनी माझ्याकडे बोट करून सगळ्या मांडवाला ऐकवलं होतं की, बाईने पृथ्वीसारखं असावं. मला तेव्हा सपाटून भूक लागली होती. पृथ्वीसारखं म्हणजे गोल, एवढाच अर्थ मी घेतला. खरा अर्थ संसारात कळला.

पण पूर्वाचा चेहरा बघून मी हो म्हटलं. नऊवारीला मात्र नाही म्हटलं. वाळूत कासोटा कोण सांभाळणार?

ज्याचा हा कार्यक्रम, तो लुकास आम्हाला मॉलमधल्या कॉफीच्या दुकानात भेटला. मूळचा व्हिएन्नाचा. उंच, गोरा, सुती सदरा, आणि त्या चकचकीत फरशीवर अनवाणी. त्याने माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि ते परत मिळायला बराच वेळ लागला.

"तुमच्या संस्कृतीत पृथ्वी स्त्री आहे ना?"

"व्याकरणात आहे," मी म्हटलं. "आमच्या भाषेत पृथ्वी ती, निसर्ग तो आणि जग ते."

त्याने डोळे मिटले. "ब्यूटिफुल! ती, तो, ते. आई, बाप आणि मूल."

"आमच्याकडे खुर्चीसुद्धा ती आहे," मी म्हटलं, "आणि पंखा तो."

हे त्याने ऐकलं नाही. चांगलं ऐकू येणारी माणसं आपल्याला हवं तेवढंच ऐकतात, हे मला शाळेच्या पालकसभांमुळे ठाऊक होतं.

त्याचा बेत असा: प्रत्येकाने आपल्या हातांनी वाळूत खड्डा करायचा, त्यात पडायचं, दुसऱ्याने वरून वाळू लोटायची, आणि सूर्य उगवेपर्यंत आईच्या गर्भात राहायचं. सुरुवातीला भारताचा आशीर्वाद, मग आफ्रिकेचा. भारत म्हणजे मी. आफ्रिका शारजाहून येणार होती.

शारजा

आफ्रिकेचं नाव एसी. घाणा देशातल्या समुद्रकाठच्या एका गावची, माझ्याहून थोडी लहान, शारजाच्या एका शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. पूर्वाच्या कुणा मैत्रिणीच्या ओळखीने तिचं नाव निघालं होतं. गुरुवारी दुपारी आम्ही तिच्या इमारतीखाली गाडी लावली तेव्हा बाई ट्रॅकसूट घालून, चष्मा साखळीने गळ्यात अडकवून, पाठीवर पिशवी टाकून उभी होती.

"मिस एसी, ट्रॅडिशनल ड्रेस?" पूर्वाने घाबरत विचारलं.

"हा माझा शाळेच्या सहलीचा पोशाख आहे. दहा वर्षांची परंपरा आहे."

"आणि ते... लुकासने ड्रमबद्दल विचारलं होतं."

"बेटा, मी घाणाहून आलेय. बँडमधून नाही."

तिचं इंग्रजी मी इथे माझ्या मराठीत सांगते आहे. पण सूर हाच होता. मला बाई तिथेच आवडली. निम्मं आयुष्य फळ्यासमोर काढलेल्या बाईचा आवाज मला कुठेही ओळखू येतो.

शारजातून सकाळी दुबईकडे जाणारी रांग संपत नाही म्हणतात. आम्ही दुपारी उलट्या दिशेने निघालो म्हणून वाचलो. वाटेत पूर्वाने एका टपरीसमोर गाडी थांबवून हॉर्न दिला. गाडीतच करक, म्हणजे दुधाचा कडक चहा आला, आणि पराठा, त्यात चीज आणि वर बटाट्याचे वेफर्स चुरडलेले. इतका चांगला पराठा आणि त्याची ही गत! मी डब्यातून लसणाची चटणी काढली. एसीने पिशवीतून एक बरणी काढली: वाळवलेली मासळी आणि मिरची तेलात काळी होईपर्यंत परतलेली, तिच्याकडे त्याला शितो म्हणतात. मी तिची चाखली, तिने माझी. दोघींच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ओळख पक्की झाली.

"एसी म्हणजे रविवारची मुलगी," ती सांगत होती. "आमच्याकडे जन्मवारावरून नाव. मुलग्याचं वेगळं, मुलीचं वेगळं."

"आमच्याकडेही होतं की. सोमा, मंगळ्या, बुधा. आता कुणी ठेवत नाही, लाज वाटते."

"गंमत बघ," ती म्हणाली, "आमच्या भाषेत तो आणि ती वेगळे नाहीत. दोघांना एकच शब्द. बाप आला, आई आली, एकच. पण पृथ्वीचं नाव विचारशील तर ते मुलीचं आहे. तिचाही वार आहे."

"कुठला?"

"तो तुमच्या त्या अनवाणी माणसाला विचारू. त्याने वाचलं असेल."

मदामच्या पुढे

मदाम नावाच्या गावाजवळ एक सोडून दिलेली वस्ती आहे. घरांच्या दोन रांगा, एक मशीद, आणि वाळू दारांतून आत येऊन निवांत बसलेली. एका खोलीत हिरवा रंग दिलेली भिंत, तिच्यावर नक्षीचा पट्टा, आणि जमीन खिडकीच्या उंचीला. मी वाकून आत गेले तर डोकं छताला लागलं. वारा पडला होता, तरी वाळूचे कण कुठून तरी घरंगळत होते. तो एवढासा आवाज मला अजिबात आवडला नाही.

बाकीची मंडळी तिथेच भेटली. युरोपातली बरीचशी, चार-दोन आपल्याकडच्या पगारदार घरांतल्या बायका, आणि कैरोचा एक दंतवैद्य, डॉक्टर हानी. नोंदणी बायकोने केली होती. ऐनवेळी तिला सर्दी झाली आणि हा एकटा पाठवला गेला. लुकास त्या हिरव्या भिंतीवर गाल टेकवून उभा होता.

"आईने आपलं परत घेतलं," तो म्हणाला.

"माणसं घर सोडून गेली आणि कुणी झाडलं नाही," एसी माझ्या कानाशी म्हणाली.

पुढे रस्ता सोडून गाड्या वाळूत शिरल्या. इथे मात्र थट्टा बाजूला ठेवून सांगते, ती वाळू सुंदर आहे. विटकरी, ओलसर वाटावी इतकी मऊ, उतरत्या उन्हात एक बाजू तांबडी आणि एक जांभळी. आमच्याकडच्या काळ्या रानाला वास असतो, पाय ठेवला की ते पायाला धरतं. ही वाळू काहीच धरत नाही. पाऊल उचललं की खूण बुजायला लागते. मला वाटलं, हिला आई म्हणणारा माणूस हिच्याकडे एकदा तरी बघत असेल का?

तंबू छान होते. जेवण पृथ्वीला न दुखावणारं होतं, म्हणजे उकडलेलं बीट. वाऱ्यावरून शेजारच्या कॅम्पमधल्या भाजल्या कोंबडीचा वास येत होता. डॉक्टर हानी शांतपणे उठून गेले आणि कुठूनशी गरम खबूस रोटी घेऊन आले. आम्ही तिघांनी ती चटणी आणि शितोबरोबर तंबूमागे खाल्ली.

अंधार पडल्यावर सगळे गोल करून बसले. लुकास बोलू लागला. युरोपने आईला मारलं, तिचं यंत्र केलं, तिचा पदर ओढला, तिची मोजमापं घेतली. पण आफ्रिकेला आई आठवते. भारताला आठवते. म्हणून आपण आज, गुरुवारी, वाळूला हातही लावलेला नाही. कारण घाणात गुरुवार हा पृथ्वीचा वार, त्या दिवशी कुणी जमीन खणत नाही. हा आमचा आफ्रिकेला प्रणाम.

त्याने एसीकडे पाहून हात जोडले. सगळ्यांनी जोडले.

"थँक यू," एसी म्हणाली. "पण गुरुवार आशांती लोकांचा. त्यांच्याकडे ती गुरुवारची मुलगी, असासे याआ. आम्ही फांटी. आमच्याकडे ती शुक्रवारची, असासे एफुआ. आम्ही शुक्रवारी खणत नाही."

शुक्रवार म्हणजे उद्या.

"ब्यूटिफुल," लुकास म्हणाला. "म्हणजे ती एकच आई, दोन नावांची."

"दोन वारांची," एसी म्हणाली.

डॉक्टर हानींनी हात वर केला. "आमच्याकडे, म्हणजे फार पूर्वी, पृथ्वी पुरुष होता. देवळांच्या छतांवर चित्रं आहेत. खाली तो आडवा पडलेला, आणि वर आकाश म्हणजे बाई, कमान करून उभी."

"पण ते इजिप्त," लुकास हसून म्हणाला. "मी आफ्रिकेबद्दल बोलतोय."

"मग इजिप्त कुठे हलवलं?" हानींनी इतक्या काळजीने विचारलं की मला हसू आवरेना.

माझी पाळी आली तेव्हा मी त्या निबंधाबद्दल सांगितलं. म्हटलं, आमच्याकडे पृथ्वीला आई म्हणतात ते मुख्यतः तिने तक्रार करू नये म्हणून. दोन जर्मन बायकांनी डोळे पुसले. भाषण कुणाला कळलं नव्हतं. माझी साडी आवडली होती.

गोल मोडल्यावर लुकासने पूर्वाला बाजूला घेतलं. ती परत आली तेव्हा ओठ चावत होती.

"मावशी, तो म्हणतो प्रोग्रॅम चेंज होणार नाही. उद्या सनराइजला मिस एसीने ब्लेसिंग द्यायचं आणि पहिली मूठ खणायची. नाहीतर तो बॉसला सांगेल की मी चुकीची व्यक्ती आणली. प्लीज, तू बोल ना तिच्याशी. तुझं ऐकेल."

मी गेले. एसी तंबूत मोजे वाळत घालत होती.

"तुला पाठवलंय," ती म्हणाली.

"हो."

"मग विचार."

मी विचारलं तिचा यावर विश्वास आहे का. ती म्हणाली, "मी मेथडिस्ट आहे. दर आठवड्याला चर्चमध्ये गाते."

"मग?"

"मग काय? ती आहेच ना तिथे. माझ्या आजोळी शुक्रवारी कुणी कुदळ उचलत नाही. जमिनीवर रक्त सांडलं, किंवा कुणी जोडपं रानात उघड्या जमिनीवर निजलं, तर तिचा अपमान होतो. मग गावाला मेंढी द्यावी लागते, माफी मागावी लागते. हा माणूस तिला आई आई म्हणतो. माझी आई गावी आहे, गुडघे दुखतात, रोज फोन करते. ही माझी आई नाही. हिला विचारावं लागतं."

मला नागपंचमी आठवली. आमच्याकडे त्या दिवशी नांगर धरत नाहीत, खणत नाहीत, विळीवर चिरतसुद्धा नाहीत. सासूबाई पाळायच्या, मी उपहास करायचे. मी एसीला सांगितलं. ती म्हणाली, "बघ, तुमच्याकडेही कुणीतरी तिला सुट्टी दिली होती."

"पूर्वाची नोकरी जाईल," मी म्हटलं. ते सांगायलाच तर मी आले होते.

एसीने मोजा पिळून दोरीवर टाकला. "मला वाईट वाटेल," ती म्हणाली. "पण खणणार नाही. मी उद्या इथे बसून पेपर तपासणार."

तिचा राग यायला हवा होता. आला नाही. मी पूर्वाला जाऊन सांगितलं, जमणार नाही, आणि ती पहिल्यांदाच माझ्याशी सलग मराठीत बोलली. म्हणाली, "तू प्रयत्नच केला नसशील."

शुक्रवार

पहाटे कडाक्याची थंडी होती. मी साडीवर स्वेटर, पायांत स्पोर्ट्स शूज, कानाला मफलर. आशीर्वाद मी एकटीने दिला. काय बोलले मलाही आठवत नाही. मंडळी हातांनी उकरू लागली. सपाट जागेत उथळ चर, त्यात आडवं पडायचं, वर वीतभर वाळू. बायका खिदळत होत्या. इथवर सगळा पोरखेळ होता.

लुकासला उथळ चर पुरेना. तो टेकडीच्या उभ्या उताराच्या पायथ्याशी गेला. ही आईची कूस, म्हणाला. तिथे त्याने उतारातच आत कोनाडा कोरला आणि त्यात गुडघे पोटाशी घेऊन बसला, गर्भातलं मूल बसतं तसा. दोन माणसं छातीपर्यंत वाळू लोटत होती. पूर्वा मोबाइलवर चित्रण करत होती.

आवाज झालाच नाही. साखरेच्या पोत्याला भोक पडावं तशी वरची वाळू हळूच वाहू लागली. लुकास हसत होता. मग ती हनुवटीपर्यंत आली, मग हसू बुजलं, मग डोकं. वर एक हात राहिला, बोटं हलत होती.

काहींना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग. एक बाई तर टाळ्या वाजवायला लागली.

डॉक्टर हानी पहिले धावले. मी पळाले, पूर्वा मोबाइल टाकून पळाली. पण ओंजळभर काढावी तर वरून दोन ओंजळी येत होत्या. आणि मग माझ्या शेजारी ट्रॅकसूट दिसला. एसी गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी, कुत्रा उकरतो तशी, वाळू मागे फेकत होती. "चटया!" ती ओरडली. "चटया आणा! वर उभ्या धरा! उतार अडवा!" वर्गात आग लागली तरी मुलं ऐकतील असा तो आवाज. माणसं चरांतून उठली, अंगाची वाळू न झटकता चटया घेऊन आली आणि आमच्या वर भिंतीसारखी धरून उभी राहिली. वाहणं थांबलं. पूर्वाची नखं तुटली होती, वाळूवर तिचं रक्त दिसत होतं.

आधी केस लागले, मग कपाळ. तोंड वाळूने भरलेलं. हानींनी त्याच्या तोंडात बोटं घालून, आयुष्यभर लोकांच्या तोंडात घातली तशीच सराईतपणे, गाळ बाहेर काढला. लुकासने श्वास घेतला तो आवाज मी विसरणार नाही. मग तो रडला. "मामा," म्हणत होता, "मामा." जर्मनमध्ये आईलाच मामा म्हणतात. ही त्याची पृथ्वीबिथ्वी नव्हती; व्हिएन्नात किंवा कुठे असेल ती, त्याला न्हाऊ घालणारी. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं, पदर पाण्यात भिजवून त्याचे डोळे पुसले. तेवढा वेळ मला त्याची खरोखर माया आली. हे मी नाकारत नाही.

ती माया त्याने फार वेळ टिकू दिली नाही.

तासाभराने तो शाल पांघरून, हातात आल्याचा काढा घेऊन, सगळ्यांसमोर बसला. आवाज घोगरा झाला होता. त्याचाही त्याने उपयोग केला.

"तुम्ही पाहिलंत? तिने मला मिठी मारली. ती मला सोडायला तयार नव्हती."

टाळ्या पडल्या. मी एसीकडे पाहिलं. ती आपले तळवे बघत होती.

"माझी आई मला मिठी मारते," ती सावकाश म्हणाली, "तेव्हा मला बाहेर काढायला दंतवैद्य लागत नाही. आणि तू तिच्या घरात शिरण्याआधी तिला वेळ आहे का, ते विचारलं होतंस का?"

लुकास तिच्याकडे बघून क्षमाशीलपणे हसला. मग म्हणाला, थोडी विश्रांती घेऊ आणि दुसऱ्या गटाचं सुरू करू. एका बाईने विचारलं, तिचं जरा उथळ होईल का, कारण तिला दम्याचा त्रास आहे.

"खलास," पूर्वा म्हणाली.

ती बोटांना रुमाल गुंडाळून मागे उभी होती. तो शब्द तिथे भाजीवालाही रोज वापरतो, पण तिने तो असा टाकला की सगळे वळले.

"पूर्वा, डार्लिंग, हे तू ठरवायचं नाही," लुकास म्हणाला.

"कोणी खणणार नाही. मी गाड्या बोलावल्यात. यल्ला, चला, सामान भरा."

मग तिच्या बॉसचा फोन आला. तिने तो स्पीकरवर घेतला, मुद्दाम की चुकून, मला माहीत नाही.

"लुकास म्हणतो, अद्भुत अनुभव होता. तू बंद का करतेस?"

"सर, तो मरत होता."

"मेला का?"

"नाही."

"मग? कुणी विचारलं तर काही झालं नाही असं सांग आणि कार्यक्रम पुढे ने."

"झालं, सर," पूर्वा म्हणाली. "मी तिथे होते." आणि तिने फोन बंद केला. जवळ गेले तर म्हणाली, "मावशी, डोंट हग मी. मी रडेन." म्हणून मी तिची पिशवी उचलली. आयुष्यात मी पुष्कळ मुलींना शंभरपैकी शंभर गुण दिले. कुणाचा इतका अभिमान वाटला नव्हता.

पुन्हा शारजा

तिची नोकरी गेली. ते त्याच आठवड्यात कळलं. लुकास पुढच्या महिन्यात ओमानच्या बाजूला हाच कार्यक्रम करतो आहे, आता त्याचं नाव 'मिठी' आहे, आणि म्हणे नोंदणी भरली. पूर्वाला नंतर एका फरशा-टाइल्सची प्रदर्शनं भरवणाऱ्या कंपनीत काम मिळालं. तिथे कुणालाही कुणाच्याही पोटात जायचं नसतं.

पण त्या शुक्रवारी आम्ही एसीला सोडायला शारजाला गेलो तेव्हा यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. तिच्या इमारतीजवळ आल्यावर ती म्हणाली, "थांबा जरा. एक काम राहिलंय," आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून माल्टची एक बाटली घेऊन आली, ते गोड, काळपट, बिनदारूचं पेय. गावी असती तर दारू ओतली असती, म्हणाली. शारजात ती मिळत नाही.

आता माती शोधायची. इमारतीपुढे फरशी, पुढे डांबर, झाडांच्या कुंड्यांना जाळ्या. आम्ही तिघी बाटली घेऊन त्या गल्लीत हिंडत होतो. बाल्कनीतून कुणी पाहिलं असतं तर पोलीसच बोलावले असते. शेवटी दोन इमारतींमध्ये एक मोकळी जागा सापडली. लोक तिथे गाड्या लावतात. कागदी कप, सिगारेटची थोटकं, पण खाली उघडी जमीन. एसीने बूट काढले. मीही काढले. पूर्वाने काही न विचारता काढले.

एसी तिच्या भाषेत बोलत थोडं थोडं ओतत होती. जमीन फेस पिऊन टाकत होती. मागून एक पिकअप येऊन उभी राहिली. ड्रायव्हरला नेमकी तीच जागा हवी होती. त्याने हॉर्न दिला. एसीने न वळता तळहात वर केला. त्याने इंजिन बंद केलं आणि वाट बघत बसला.

"काय म्हणालीस तिला?" बाटली रिकामी झाल्यावर मी विचारलं.

"म्हटलं, तुझ्या वारी मी हात घातला, हे खरं आहे. खाली माणूस होता, म्हणून घातला. आणि तो माणूस नंतर जे बोलला, ते आमच्याकडून समजू नकोस."

"ती ऐकेल?" पूर्वाने विचारलं.

एसीने खांदे उडवले आणि बुटांतली वाळू झटकली. आम्ही बाजूला झालो. पिकअपवाल्याने गाडी पुढे घेतली, चाक बरोबर त्या ओल्या डागावर आणून उभं केलं, उतरला, आम्हाला सलाम केला आणि गेला.

मी रागाने काहीतरी बोलणार होते. एसीने माझा दंड धरला.

"चल," ती म्हणाली. "तिला कामं आहेत."